टिकल्यांचं तेवढं बघा

"काका, टिकल्यांचं तेवढं बघाल ना?" प्राचार्यबाई जिना उतरता उतरता म्हणाल्या.

"टिकल्यांचं मला सांगायला नको," भांडारपाल छाती पुढे काढून म्हणाले. "एकतीस वर्षं तेच केलंय."

दोघांपैकी एकानेही त्या क्षणी "म्हणजे नक्की काय करायचं?" एवढं विचारलं असतं, तर पुढचं महाभारत टळलं असतं. पण प्राचार्यबाईंना घाई होती आणि भांडारपालांना आत्मविश्वास होता. या दोन गोष्टी एका जिन्यावर भेटल्या की काय होतं, हे ज्यांनी कधी घरच्या घरी नळ दुरुस्त केलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

भांडारपाल निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदोपत्री. पाणीपुरवठ्याच्या गोदामातले पाइप, झडपा आणि नटबोल्ट त्यांनी असे काही सांभाळले होते, की खुद्द साहेबांना एक वॉशर हवा असला तरी अर्ज द्यावा लागे. निवृत्तीनंतर ते घरातले चमचे मोजायला लागले. तेव्हा सहा महिन्यांच्या आत त्यांच्या बायकोने कलाशाळेच्या दुपारच्या वर्गात नाव घातलं. "या वयात चिखलात हात?" असं कुणी विचारलं की ती शांतपणे म्हणे, "घरात आता दिवसभर माणूस असतो हो."

त्या कलाशाळेची भट्टी गेल्या महिन्यात बसली. भट्टी जुनी, प्राचार्यबाईंपेक्षा वयाने मोठी. विद्यार्थ्यांची बेचाळीस शिल्पं तिने कशीबशी भाजून दिली आणि मग जी गार झाली ती झालीच. भट्टीशिवाय मातीकामाची शाळा म्हणजे नुसता चिखल. म्हणून मग तीच बेचाळीस शिल्पं विकून नवी भट्टी आणायचं ठरलं, आणि विक्रीची व्यवस्था भांडारपालांनी आपणहून अंगावर घेतली. फलक लागला : 'उदयोन्मुख कलाकारांच्या सिरॅमिक शिल्पांची विक्री'. भांडारपालांच्या बायकोला साठावं लागलं होतं. 'उदयोन्मुख' हा शब्द तिने फलकावर तीनदा वाचला आणि घरी येऊन नणंदेला फोन करून ऐकवला.

पण विक्रीच्या आदल्या संध्याकाळी तिचा सूर बदलला होता. चहा पुढे ठेवत ती म्हणाली, "एक सांगते. माझं ते कुणी घेतलं नाही, तर पुढच्या वर्षी मी नाव घालणार नाही. लोकांनी 'छान, छान' म्हणत पुढे जायचं आणि मी ते घरी आणून कपाटावर ठेवायचं, हे मला जमायचं नाही. हौसेलाही काही मर्यादा असते."

भांडारपालांनी कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. बायको वर्गाला जायला लागल्यापासून घरात गुणगुणायची. ते वर्तमानपत्राची घडी चुकीची घालतात हे ती विसरली होती. दिवसाला चार याप्रमाणे होणारी भांडणं आठवड्याला दोनवर आली होती. हे सगळं बंद पडणार, ती पुन्हा दिवसभर घरात बसणार आणि आपण तिच्यासमोर बसणार, या विचाराने त्यांचा चहा गार झाला. काहीही झालं तरी विक्री चोख झाली पाहिजे, असं ठरवून ते सकाळी आठलाच कलाशाळेत हजर झाले.

आता चोख म्हणजे काय, याबद्दल त्यांच्या मनात कसलाही गोंधळ नव्हता. मोजणी झाली पाहिजे. गोदामात मोजलेल्या प्रत्येक नगाला लाल टिकली लागायची. टिकली आहे, म्हणजे नग मोजलाय, जागेवर आहे, काळजी नको. प्राचार्यबाईंनी ठेवलेलं लाल गोल टिकल्यांचं पाकीट टेबलावर दिसलं तेव्हा त्यांना गहिवरूनच आलं. कलावंत असूनही बाईंना शिस्त आहे, असं त्यांना वाटलं.

त्यांनी वही उघडली आणि कामाला लागले. 'कावळा, मान वाकडी, नग एक.' टिकली. 'मासे, एकमेकांना चिकटलेले, नग पाच किंवा एक, खुलासा घ्यावा.' टिकली. 'धड, डोके नसलेले, नग एक.' टिकली. त्याच्या पलीकडेच 'डोके, धड नसलेले, नग एक' होतं. भांडारपालांनी जरा विचार केला आणि शेरा मारला, 'दोन्ही एकाच इसमाचे असावेत.' असे एक्केचाळीस नग झाले.

बेचाळिसावा नग बायकोचा. तिथे ते थबकले. नातेवाइकाचा माल आपण मोजायचा नाही, हा नियम त्यांनी नोकरीत कधी मोडला नव्हता. मेव्हण्याने पुरवलेले पाइप त्यांनी दुसऱ्याकडून मोजून घेतले होते आणि त्यापायी सासुरवाडीचा वर्षभराचा अबोला सोसला होता. तेव्हा इथे टिकली लावायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी त्या शिल्पाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. ओझरतं दिसलं ते काहीतरी तपकिरी, गोलसर, बहुधा अस्वल. वहीत त्यांनी लिहिलं, 'हितसंबंध असल्याने मोजले नाही', खाली सही केली आणि प्राचार्यबाई आल्या की त्यांच्याकडून मोजून घ्यायचं ठरवलं.

दहाला दार उघडलं. लोक बरे आले. पण सगळे चमत्कारिकच वागायला लागले. शिल्पाकडे कौतुकाने बघायचे, मग टिकली दिसली की "अरेरे" म्हणायचे आणि पुढे सरकायचे. पुढच्या शिल्पापाशी पुन्हा "अरेरे". भांडारपालांना कळेना, मोजलेल्या मालाचं एवढं दुःख कशासाठी?

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर कावळ्यापुढे दहा मिनिटं उभे होते. शेवटी त्यांनी भांडारपालांना गाठलं. "काय हो, हा कावळा गेला?"

"जाईल कुठे? इथेच तर आहे. माझ्या नजरेखाली आहे."

"तसं नव्हे. टिकली दिसतेय म्हणून विचारतो. कधी लागली?"

"सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी," वही बघून भांडारपाल म्हणाले.

"आठला? पण दार तर दहाला उघडलं!"

"डॉक्टर, दार उघडल्यावर टिकल्या लावत बसलो तर झालंच मग. आमच्यात हे सगळं आतल्या आत, आधीच उरकून घेतात."

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "आणि बाकीच्यांच्या टिकल्या?"

"सगळ्या मीच लावल्यात. एका बैठकीत."

"शाबास!" डॉक्टर म्हणाले. पण ते ज्या सुरात म्हणाले तो सूर भांडारपालांना आवडला नाही. पाच मिनिटांत हॉलभर कुजबुज झाली, की कुणीतरी बड्या माणसाने आतून संधान बांधून सकाळीच सगळा माल उचललाय.

तेवढ्यात बायको आली. बरोबर नणंद, म्हणजे भांडारपालांची थोरली बहीण. हिचा आवाज असा, की तिने हळू सांगितलेली गोष्टसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाई. बायकोने दारातूनच हॉलवर नजर फिरवली. ती वर्ष-दीड वर्ष या शाळेत होती, टिकलीचा अर्थ तिला माहीत होता. इथे टिकली, तिथे टिकली, खिडकीपाशी, खांबापाशी, सगळीकडे टिकली. आणि मधल्या चौथऱ्यावर तिचं एकटं शिल्प, कोरं.

"अगं बाई!" नणंद म्हणाली. "सगळ्यांचं गेलं की! तुझं एकटीचंच राहिलं का गं?"

"हो वन्सं," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

भांडारपाल लगबगीने गेले. "काय गं, बरं वाटत नाहीये का?"

"काही नाही."

"पाणी आणू?"

"काही नको म्हटलं ना." तिने पर्स मांडीवर घट्ट धरली होती आणि ती त्यांच्याकडे बघत नव्हती. चौतीस वर्षांच्या संसारात भांडारपालांनी एवढं नक्की शिकून घेतलं होतं, की 'काही नाही' दोनदा आलं की खूप काही असतं. पण काय, ते कळेना.

आणि मग प्राचार्यबाई आल्या. टिकल्या बघून त्या दारातच थिजल्या. मग त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी कुणालाही काही न विचारता माईक हातात घेतला. "मित्रहो! अवघ्या तासाभरात बेचाळीसपैकी एक्केचाळीस शिल्पं विकली गेली आहेत!" टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच त्यांनी भट्टीवाल्याला फोन लावला. "पाठवा! हो, मोठीच पाठवा!"

"मॅडम," भांडारपाल त्यांच्या कानाशी लागले. "विकलं कुणी?"

"तेच तर विचारतेय मी! कुणी घेतलं काका? पावत्या कुठायत?"

"पावत्या कसल्या? अजून एकही नग हलला नाही."

"मग टिकल्या?"

"मोजल्याच्या."

प्राचार्यबाईंनी माईक बंद केला. त्यांचा चेहरा भाजायच्या आधीच्या मातीसारखा झाला. "काका, लाल टिकली म्हणजे विकलेलं."

"कुठल्या नियमानं?"

"सगळ्या जगात, काका! तुमचं गोदाम सोडून!"

भांडारपाल जवळच्या टिकलीकडे वळले. "मग काढतो की. दोन मिनिटांचं काम."

"आत्ता घोषणा केली मी! आता टिकल्या काढल्या तर लोक म्हणतील, सगळे मिळून व्यवहार मोडतात. आणि भट्टी निघाली असेल तिकडून..."

एवढ्यात दातांचे डॉक्टर येऊन ठेपले. "मॅडम, कावळा कुणी घेतला तेवढं सांगा. मी स्वतः बोलतो त्यांच्याशी."

अडचणीत सापडलेल्या माणसाचं डोकं कधी कधी नको तेवढं चालतं. प्राचार्यबाई म्हणाल्या, "एक संग्राहक आहेत. मोठे जाणकार. नाव सांगायची परवानगी नाही. पण विचारून बघते." त्या बाहेर गेल्या, पायरीवर उभं राहून शंभरपर्यंत आकडे मोजले आणि आत आल्या. "तुमच्यासाठी सोडतायत."

बस. ठिणगी पडली. जो तो पुढे सरसावला. मघाशी "अरेरे" करून गेलेले लोक बाहेरून परत आले. "मासे सोडतील का बघा ना." "त्यांना सांगा, मीसुद्धा लहानपणापासून कलेचा भोक्ता आहे." प्राचार्यबाईंच्या पायरीवर फेऱ्या सुरू झाल्या. एका वकिलांनी धड आणि डोकं जोडीने घेतलं. धड करणारी आणि डोकं करणारा यांचं वर्षभर एकमेकांशी वाकडं होतं, ती दोघं तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. भांडारपाल पावत्या फाडत होते आणि प्रत्येक पावतीगणिक त्यांचा हात जड होत होता. नसलेल्या माणसाचा माल विकण्याची वेळ त्यांच्यावर आयुष्यात प्रथमच आली होती.

तरीही ते गप्प राहिले असते. शाळेसाठी, भट्टीसाठी, त्यांनी हेही पचवलं असतं. पण नणंदेच्या डोक्यात एक साधा प्रश्न आला, आणि तिच्या डोक्यात आलेलं तोंडात राहत नसे.

"काय हो," तिने हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "एवढा जाणकार माणूस, सगळं घेतो आणि हे एकच नाकारतो? एवढं काय वाईट आहे यात?"

झालं! जो तो मधल्या चौथऱ्याकडे वळला. मघापर्यंत तिकडे कुणी फारसं बघितलं नव्हतं. आता लोक मान तिरकी करून उणिवा शोधायला लागले. एकजण म्हणाला, "तोल गेलाय." दुसरा म्हणाला, "जाणकाराला लगेच कळतं बघा." तिसऱ्याने नुसतंच "हं" केलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

बायको उठली. शांतपणे चौथऱ्यापाशी आली, पर्स खांद्याला अडकवली आणि दोन्ही हात शिल्पाच्या खाली घातले. "अहो, रिक्षा बघा. हे घरी नेऊ या. आणि पुढच्या वर्षीची फी भरू नका."

तिच्या आवाजात राग असता तर भांडारपालांना चाललं असतं. रागाची त्यांना सवय होती. पण तो आवाज लहान मुलीसारखा झाला होता. भट्टी गेली खड्ड्यात, असं मनात म्हणत त्यांनी प्राचार्यबाईंच्या हातातून माईक जवळजवळ हिसकावून घेतला आणि चौथऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"मंडळी, जरा ऐका," ते म्हणाले. माईकने आधी शिट्टी मारली, मग ऐकलं. "संग्राहक वगैरे कुणी नाही. टिकल्या मी लावल्यात. मोजणीच्या. आमच्या गोदामात मोजलेल्या नगाला टिकली लावतात. इथे तिचा अर्थ वेगळा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मॅडमचा यात दोष नाही, त्या फक्त घाबरल्या. ज्यांना पैसे परत हवेत त्यांनी पावती घेऊन माझ्याकडे यावं."

मग त्यांनी चौथऱ्याकडे हात केला.

"आता राहिला हा एक नग. याला टिकली का नाही? तर हा माझ्या बायकोने केलाय. घरच्या माणसाचा माल आपण मोजायचा नसतो. म्हणून मी याच्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. चांगला आहे की वाईट, मला यातलं काही कळत नाही. पण याला नाकारलं कुणीही नाही हो. ती गेली दीड वर्षं नखांत माती घेऊन घरी येते आणि खूश असते. आज तिला जे ऐकावं लागलं ते माझ्यामुळे. चूक माझी आहे. तिची नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे पुसले. पुढे काय बोलायचं ते न सुचल्यामुळे त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

आधी मागून कुणीतरी खुसकन हसलं. मग शेजारचा. मग वकील. बघता बघता सगळा हॉल हसायला लागला. भांडारपालांना वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. पण लोक एकदा त्यांच्याकडे बघत होते आणि एकदा चौथऱ्याकडे.

तेव्हा भांडारपालांनी त्या शिल्पाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. खुर्चीत एक गृहस्थ झोपला होता. मान मागे टाकलेली, चष्मा कपाळावर, पोटावर उघडी वही, तिच्यावर एक हात, आणि तोंड उघडं.

"अगं बाई, हा तर आपला बाळ!" नणंद किंचाळली. "अस्साच झोपतो मेला! लहानपणापासून!"

"नाव काय दिलंय याला?" कुणीतरी विचारलं. दातांचे डॉक्टर कावळा काखेत घेऊन वाकले आणि चौथऱ्यावरची चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. "'जसे आहे, जेथे आहे.'"

लोक पुन्हा हसले. भांडारपाल हसले नाहीत. गोदामातल्या जुन्या मालाच्या लिलावाची प्रत्येक जाहिरात त्यांनी स्वतः लिहिली होती, आणि प्रत्येकीत हे शब्द होते. माल जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर घ्यावा लागेल. नंतर तक्रार चालणार नाही, परत घेतला जाणार नाही. कच्चा मसुदा ते घरी आणून बायकोला वाचून दाखवायचे आणि ती भाजी चिरता चिरता "हं, हं" म्हणायची. ती ऐकत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"अगं, हा... मी?" माईक हातात आहे हे विसरून त्यांनी विचारलं.

"नाहीतर कोण?" ती म्हणाली. तिचे डोळे ओले होते, पण ओठ हसत होते. "दुसरं कोण एवढा वेळ न हलता बसलं असतं माझ्यापुढे?"

पैसे परत मागायला एक-दोघे आले, नाही असं नाही. पण त्यांनी सोडलेलं शिल्प मागच्या माणसाने तिथल्या तिथे उचललं. "कावळा मला आवडला होता, तुमच्या त्या संग्राहकाला नव्हे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी काख आणखी आवळली. मग ते चौथऱ्याकडे वळले. "आणि हे पण द्या. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत ठेवतो. तोंड किती उघडायचं ते पेशंटला एकदाच दिसेल, माझा घसा वाचेल."

आता गंमत बघा. जो माणूस कालपासून हे शिल्प विकलं जावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता, तोच दोन्ही हात आडवे करून पुढे झाला. "हे नाही! हे विकायचं नाही. दवाखान्यात ओळखीची माणसं येतात, डॉक्टर!"

"तुम्ही बाजूला व्हा," बायको म्हणाली. "घरच्या माणसाने यात पडायचं नसतं. डॉक्टर, वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ की खोक्यात?"

डॉक्टर मात्र उत्तर न देता वाकून त्या उघड्या तोंडात बघत होते. त्यांनी खिशातून बारकी बॅटरी काढली, आत उजेड पाडला आणि "अरे वा" असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी भांडारपालांच्या खांद्यावर हात ठेवला.

"खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी दाढ. किडलीय तुमची. सोमवारी या."

सगळे हसले, भांडारपालही हसले, आणि पावती फाडता फाडता त्यांनी गुपचूप जीभ तिकडे नेऊन बघितली. तिथे खड्डा होता. पंधरा दिवस गार पाणी प्यालं की कुठेतरी कळ यायची, ती कुठून येते हे त्यांना आत्ता कळलं.

सोमवारी ते दवाखान्यात गेले. बाहेरच्या खोलीत फळीवरच्या स्वतःच्याच खाली पाऊण तास बसले, दाढ भरून घेतली आणि अर्धा गाल बधिर घेऊन घरी आले. बायको पुढच्या वर्षीच्या वर्गाचा अर्ज भरत होती.

"अगं, मला स्वतःला कळलं नाही, ते तुला कसं कळलं?"

"एवढं तोंड उघडं टाकल्यावर न दिसायला काय झालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "तुम्ही झोपला होतात."